दवाखान्याला गुण कोणी द्यायचे?

सरकारी दवाखान्याची गाऱ्हाणी वऱ्हाडात पारावर, आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर मोकळेपणाने बोलली जातात. दवाखान्याच्या बैठकीत मात्र ती क्वचितच पोचतात. हिवरखेडसारख्या मोठ्या गावातही रुग्णाला कागदावर जागा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव असतात. ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीच्या नियमांत तिच्यासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवलेले होते. पण नावात रुग्ण असला, तरी बैठकीला बहुधा पदाधिकारी आणि कर्मचारीच असतात.

शेजारच्या अमरावती जिल्ह्याने वेगळी वाट पाहिली आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. राज्यात समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता, तर अमरावतीत मेळघाटातील ‘खोज’कडे. अकोला त्या पहिल्या यादीत नव्हता. गावकऱ्यांनी सेवांची माहिती स्वतः गोळा करून प्रगतिपत्रक भरायचे : चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे. बाहेरून औषध आणायला दिलेली चिठ्ठी, बाळंतपणासाठी मागितलेले पैसे हे विषय तिथे उघडपणे निघाले. पहिल्या फेरीत ४८ टक्के सेवांना ‘चांगला’ शेरा होता, तिसऱ्या फेरीत ६६ टक्के. गुण देणारे लोक या कामातच उतरलेले होते, हे धरूनच हा आकडा वाचावा. तरीही फरक लहान नाही.

तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणारा एकटा असतो आणि उद्या त्याच डॉक्टरांकडे त्याला जायचे असते. प्रगतिपत्रक गावाचे असते. शिवाय रिक्त पदे आणि औषधांचा पुरवठा गावच्या डॉक्टरांच्या हातात नसतो; म्हणून देखरेख समित्या तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरही होत्या. सुरुवातीला शत्रू वाटणारे गावकरी त्यामुळे डॉक्टरांच्याही उपयोगाचे ठरू शकतात.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक डॉक्टरच्या दवाखान्याला रुग्णांचा गट ठेवणे करारानेच बंधनकारक आहे. तिथेही गटात निवृत्त, सवड असलेली मंडळीच जास्त, अशी टीका होते. वऱ्हाडात कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवली, तर रोजंदारीवरची बाई येणारच नाही. आणि सरकारी दवाखान्याची खरी गरज तिलाच आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. त्यामुळे प्रश्न आता फीचा उरलेला नाही. पेरणीआधी सापाच्या विषावरील इंजेक्शने किती शिल्लक आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात का, रात्री दवाखान्यात कोण असते, ही माहिती दरमहा भिंतीवर लावायला वेगळा निधी लागत नाही. समितीत कोणीतरी ती मागायला हवी, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारायला हवी.