प्राध्यापकांचा संप आणि आपले मौन

दि. २८ सप्टेंबर २०१८ रोजी ऑनलाईन औषधविक्रीच्या विरोधात देशभरातील औषधविक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली होती. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नसला, तरी व्यवसायबंधूंशी एकोपा म्हणून आमच्या परिचयाच्या एका आयुर्वेदीय औषधी भांडाराच्या मालकांनीही त्या दिवशी शटर खाली ओढले होते. अर्धवट ओढलेल्या त्या शटरआड चहा घेत असता गृहस्थ आम्हांस म्हणाले, "वैद्यराज, या प्राध्यापकांना काय कमी आहे हो? एवढाले पगार घेतात आणि वर पुन्हा संप!" तीनच दिवसांपूर्वी, म्हणजे २५ सप्टेंबरपासून, राज्यातील प्राध्यापकांचा बेमुदत संप सुरू झाला होता. "आज आपलेही दुकान बंदच आहे," असे आम्ही सहज म्हणालो. त्यावर ते किंचित रागावून उत्तरले, "आमचा पोटाचा प्रश्न आहे." आम्ही हसून विषय सोडला. विषय मात्र आम्हांस सोडीना.

या त्रैमासिकातून औषधनिर्मितीचे निकष, परिषदेची नोंदणी, औषधी द्रव्यांचे वाढते भाव यांवर नेहमी लिहिले जाते. त्यात प्राध्यापकांच्या संपाचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत. तत्पूर्वी महाराष्ट्रात काय घडले ते थोडे तपशिलाने पाहू. कारण या विषयावर मते पुष्कळांची असतात, माहिती थोड्यांची.

दि. ४ फेब्रुवारी २०१३ पासून महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजेच 'एमफुक्टो'ने, विद्यापीठांच्या परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. हा रूढ अर्थाचा संप नव्हता, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. वर्ग घ्यायचे, परंतु प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षण व उत्तरपत्रिकांची तपासणी करायची नाही, असे त्याचे स्वरूप होते. मागण्या मुख्यतः दोन. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यापायी पडणाऱ्या वाढीव बोजापैकी ८० टक्के भार ३१ मार्च २०१० पर्यंत केंद्राने उचलायचा व उरलेला राज्याने, अशी योजना होती. केंद्र म्हणे राज्याने आधी द्यावे, राज्य म्हणे केंद्राकडून येऊ द्या. आणि या 'आधी तू' मध्ये थकबाकी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. दुसरी मागणी १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या, नेट-सेट उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांची होती. नेट-सेटची अट आली त्या काळात ती परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार पुरेसे मिळत नव्हते. महाविद्यालये तर चालवायची होती. म्हणून ही माणसे घेतली, त्यांच्याकडून दशकभर शिकवून घेतले, आणि मग 'तुम्ही पात्र नाही' असे त्यांना सांगितले गेले.

तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण व उच्च शिक्षणमंत्री श्री. राजेश टोपे यांच्याशी बोलणी झाली, फिसकटली, पुन्हा झाली. अखेर मे २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बहिष्कार मागे घेण्यात आला. त्यानंतर २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने नेट-सेटविना नेमलेल्यांच्या सेवा नियमित झाल्या. मात्र मूळ नेमणुकीपासून नव्हे, तर त्या निर्णयाच्या दिनांकापासून. इकडे शासनाने बहिष्कारकाळातील ७१ दिवसांचे वेतन रोखले. 'आम्ही शिकवीत होतो, मग शिकविण्याचे वेतन का कापता?' असा प्राध्यापकांचा सवाल. 'परीक्षा हा अध्यापनाचाच भाग आहे' हे शासनाचे उत्तर. पाच वर्षांनी, २०१८ च्या संपातही हे ७१ दिवस मागण्यांच्या यादीत होतेच. हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ पासून सुमारे साडेचार महिने तेथील 'युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन'ने उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा काही विद्यापीठांनी निम्मे, तर काहींनी संपूर्ण वेतन कापले. युक्तिवाद दोन्हीकडचे तेच.

आता आमचे मत. मागण्या रास्त होत्या. देणेकऱ्याने देणे टाळले की दाराशी बसावेच लागते. परंतु शस्त्र निवडताना चूक झाली, असे आम्हांस तेव्हाही वाटले व आजही वाटते. गिरणी बंद पडली की मालकाचा माल थांबतो. परीक्षा बंद पडली की मंत्र्याचे काहीच थांबत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या दिवाळ्यातील चिकित्सालयात गुडघेदुखीसाठी येणाऱ्या एका कोळी बाईंचा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षास होता. परीक्षा होणार की नाही या घोरात घरातले सारेच. जानुबस्ती चालू असताना बाई म्हणाल्या, "डाक्टर, आमी होरी बंद ठेवली तं नुकसान आमचाच. यांनी परीक्षा बंद ठेवली तं नुकसान आमचे पोराचा." संपाच्या नीतीवर याहून नेमके बोललेले आम्ही कुठे वाचलेले नाही.

आणि या बाई काही आंदोलनाला बिचकणाऱ्या नव्हेत. दिवाळे, बेलापूर, उरण, पनवेल या साऱ्या टापूने सिडकोसाठी जमिनी दिल्या आहेत. दि. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. थोडे दक्षिणेस अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या मागे उभे राहून १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. आपलीच शेते पडीक ठेवली, आपलीच मुले उपाशी ठेवली. कोकण भवन हाकेच्या अंतरावर असल्याने मोर्चे तर आम्ही रोज पाहतो. येथील माणसाला लढा कळतो. लढ्याची किंमत कोण मोजतो, हेही कळते.

तरीही प्राध्यापकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कायद्याने त्यांची अवस्था विचित्र करून ठेवली आहे. बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था हा 'उद्योग' ठरविला. परंतु गोव्यातील एका शिक्षिकेच्या, सुंदरांबल यांच्या, खटल्यात १९८८ साली त्याच न्यायालयाने निर्णय दिला की शाळा उद्योग असली, तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नव्हे. म्हणजे कारखाना आहे, पण कामगार नाही! त्या निवाड्यात न्यायालयाने शिक्षकांसाठी स्वतंत्र तक्रारनिवारणाची सोय व्हावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली होती. पुढे २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असेही ठरले. ज्याची दाद घेणारे दार अरुंद, तो रस्त्यावर येणारच.

संघटनांचा खरा दोष आम्हांस निराळाच दिसतो. कायम सेवेतील प्राध्यापक वेतनासाठी लढत असता त्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे तरुण, पीएच.डी. झालेले, तासाला काहीशे रुपयांवर वर्षातील काही महिनेच काम मिळविणारे, त्या लढ्यात शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी संप केला तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा उभा. पदभरतीची मागणी २०१८ मध्ये पुढे आली हे खरे; पण ती वीस वर्षे आधी पहिल्या क्रमांकावर यावयास हवी होती. ज्याच्यापाशी आवाज आहे त्याने ज्याच्यापाशी नाही त्याचे आधी बोलावे, एवढी तरी अपेक्षा शिकलेल्यांच्या संघटनेकडून करावी की नाही?

असो. इतरांची नाडी पाहून झाली. आता आपली पाहू.

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांत संप फारसे का होत नाहीत? वरळीचे पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव अशी शासकीय महाविद्यालये व काही जुनी अनुदानित महाविद्यालये सोडली, तर उरलेली बहुतेक विनाअनुदानित आहेत. १९९८ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर आपली महाविद्यालये पारंपरिक विद्यापीठांतून त्याच्या छत्राखाली आली. शिस्त वाढली, हे मान्य. परंतु कला-वाणिज्य-विज्ञानाच्या अध्यापकांसमवेत एका संघटनेत बसण्याची जी थोडीफार संधी होती, तीही सुटली. संप होत नाहीत याचा अर्थ सारे आलबेल आहे असा कुणी घेऊ नये. संप करावयास आधी माणूस जागेवर असावा लागतो. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तो जागेवर नव्हताच. तो कागदावर होता.

हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलो असता, आमचे चिकित्सालय अद्याप जमावयाचे असता, एका संस्थेने आमची नोंदणी-प्रमाणपत्रे मागितली. पदव्युत्तर शिक्षण नसल्याने अध्यापक म्हणून आमचा उपयोग नव्हता. संलग्न रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी म्हणून मात्र होता. दरमहा ठरावीक रक्कम, येणे फक्त तपासणीच्या दिवशी. आम्ही होकार दिला. दोन वर्षे आम्ही त्या रुग्णालयात 'नोकरीस' होतो व प्रत्यक्ष चारदा गेलो. खाटांवर आसपासच्या वस्तीतील धडधाकट माणसे आणून झोपविली होती. आम्ही पांढरा ॲप्रन घालून त्यांच्या नाड्या पाहिल्या. दुपारी जेवण झाले, सह्यांसाठी नोंदवह्यांचा गठ्ठा आला, सह्या केल्या आणि परतलो. आमच्या बरोबरीचे एम.डी. झालेले मित्र अशाच रीतीने अध्यापक होते. आमच्यापैकी कुणालाही आपण काही वाईट करीत आहोत असे वाटले नाही, कारण सारेच करीत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक तरुण वैद्य आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. बोलता बोलता म्हणाले, "सर, आपले नाव मला पाठ आहे. माझ्या इंटर्नशिपच्या नोंदवहीवर कायचिकित्सेला आपलीच सही आहे." त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता, आणि तेच अधिक लागले. त्यांना वमन-विरेचन कसे देतात हे पुस्तकापलीकडे ठाऊक नव्हते. चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत दृष्टकर्मता सांगितली आहे. त्या तरुणाची दृष्टकर्मता आमच्या सहीने चोरली होती.

औषधी भांडारांच्या मालकांनी याचे परिणाम आमच्याहून अधिक पाहिले असतील. कंपनीच्या माहितीपुस्तिकेवरून चिठ्ठी लिहिणारा वैद्य, काढ्याचे द्रव्य समोर ठेवले तर ओळखू न शकणारा वैद्य, हे काही आकाशातून पडलेले नाहीत. दि. ११ डिसेंबर २०२० रोजी शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रकर्मे करू देण्याच्या अधिसूचनेविरुद्ध आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी देशव्यापी बंद पाळला, तेव्हा आपण सारे संतापलो, योग्यच संतापलो. परंतु 'यांना शिकविले कोणी व कशावर?' हा त्यांचा प्रश्न आपल्यालाही अस्वस्थ करून गेला नाही काय? २६ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात आयुर्वेद डॉक्टरांना ॲलोपॅथीच्या डॉक्टरांइतके वेतन नाकारले, ते प्रत्यक्ष कामातील फरकाकडे बोट दाखवूनच. तो निवाडा आम्हांस पटलेला नाही. पण आपली बाजू रिकाम्या रुग्णालयांच्या आधारावर मांडता येणार नाही, हेही तितकेच खरे.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा प्रणाली आयोगाने बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली आहे, हे चांगले झाले. परंतु यंत्रापुढे बोट किंवा चेहरा दाखविणाऱ्या अध्यापकाला वेळेवर पूर्ण वेतन मिळते काय, बँकेत जमा झालेल्या वेतनापैकी काही रोखीने परत द्यावे लागते काय, हे यंत्र सांगत नाही. ते सांगू शकेल अशी अध्यापकांची संघटनाच हवी, आणि ती धमकीविना उभी राहावयाची तर बाहेरून आधार हवा. तो आधार आपली संघटना देऊ शकते. आपण कुणाचे नोकर नाही. आपले वेतन कुणी रोखू शकत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक, आपल्या कोणत्याही सभासदाने प्रत्यक्ष काम न करता महाविद्यालयास वा रुग्णालयास नाव देऊ नये, व दिल्याचे आढळल्यास त्याचे सभासदत्व रद्द व्हावे. दुसरा, विनाअनुदानित आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापकांनी वेतनासाठी सनदशीर लढा दिल्यास आपण त्यांच्या पाठीशी उभे राहावे. मात्र त्या काळात बाह्यरुग्ण विभाग व परीक्षा चालू राहतील, एवढी अट असावी. पहिला ठराव मांडताना आमच्या त्या दोन वर्षांचा उल्लेख आम्ही स्वतःच करू. अनुमोदक हवा आहे. ज्यांची नावे कधीच कागदावर नव्हती त्यांनी पुढे यावे. आणि ज्यांची होती, त्यांनी आले तर अधिक बरे.