प्रवासांतील घरची चाळणी

रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ‘पाय-होल’ बसविला कीं घरांतील जाहिरातींचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. परंतु चिरंजीव आगगाडींत बसले कीं त्यांच्या मोबाईलवर तो पुन्हां सुरू! कारण उघड आहे. कोणतेंही स्थळ उघडतांना यंत्र प्रथम नांव सांगून त्याचा अंकपत्ता विचारतें. या विचारपुशीस डीएनएस म्हणतात. जाहिरातवाल्याचें नांव आलें कीं पाय-होल शून्य पत्ता देतो. पाणिनीनें अदर्शनाला लोप म्हटलें आहे, तशांतलाच हा प्रकार. मात्र प्रवासांत हा प्रश्न घरीं येतच नाहीं. तो मोबाईल कंपनीकडे जातो.

म्हणून कांहीं उत्साही मंडळी राउटरचें ५३ क्रमांकाचें द्वार साऱ्या जगाला मोकळें करतात. हें आम्हांस बिलकुल मान्य नाहीं. भामटे दुसऱ्याच्या पत्त्यावरून लहानसा प्रश्न टाकतात, आणि आपलें यंत्र भलें मोठें उत्तर त्या निरपराध्याच्या अंगावर लोटीत बसतें. त्यापेक्षां ‘वायरगार्ड’चें भुयार बरें, २०२० सालीं तें लिनक्सच्या ५.६ या आवृत्तींत समाविष्ट झालें. किल्ली नसलेल्यास तें उत्तरच देत नाहीं. भुयारांतून नुसती नांवांची विचारपूस घरीं पाठवावी, बाकीची रहदारी नेहमींच्या वाटेनें जाऊं द्यावी. घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसेल, तर ‘टेलस्केल’सारखा मध्यस्थ लागतो. यूट्यूबच्या जाहिराती मात्र यानें टळत नाहींत.

परंतु आमची खरी काळजी वेगळीच आहे. पाय-होल प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवतो. सून माहेरीं असो कीं नातू वसतिगृहांत, त्यांनीं कोणत्या घटकेस कोणतें स्थळ उघडलें हें ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांस वाचतां येतें. एखादी मुलगी आपल्या दुखण्याविषयीं कांहीं शोधीत असेल. तें सासऱ्यानें कां जाणावें? परक्यांची पाळत चुकवावयाची आणि घरच्यांची बसवावयाची, हा कुठला न्याय?

पाय-होलमध्यें गोपनीयतेच्या ० ते ३ अशा पायऱ्या आहेत. तिसरीवर स्थळांचीं व यंत्रांचीं नांवें झांकलीं जातात, केवळ एकूण आंकडे उरतात. किल्ली वाटण्यापूर्वीं ही पायरी लावावी, आणि ती लावल्याचें सर्वांस सांगावें. किल्ली घ्यावी कीं नाहीं, हेंही ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं ती घेतलेली नाहीं. त्या म्हणतात, जाहिराती चालतील.