डाव्या डिकीवरचा पोचा

दांडिया बाजारातल्या घराच्या ओट्यालगत बाबांची चेतक दोन पावसाळे गंजत उभी होती. भंगारवाला येता-जाता विचारायचा. गॅरेजवाल्याने रंगकामाचा आकडा सांगितला आणि मी सरळ हार्डवेअरच्या दुकानातून सॅटिन ब्लॅक इनॅमलचा स्वस्तातला डबा आणला.

खरं काम रंगाआधीच असतं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज खरवडला, मग ३२० ने पत्रा गुळगुळीत केला, टर्पेंटाइनने पुसला, रेड ऑक्साइडचा हात दिला. त्यावर रंगाचे दोन पातळ हात, मध्ये अख्खा एक दिवस. चकचकीत रंग पत्र्याचा प्रत्येक उंचसखलपणा उघडा पाडतो, सॅटिन बराचसा झाकून घेतो. पेट्रोल सांडलं तर मात्र लगेच पुसा, हा रंग मऊ पडतो. आणि गाडीचा रंग बदलला की आरसीतही नोंद करून घ्यावी लागते, ते विसरू नका.

डाव्या डिकीवरचा पोचा लांबीने भरायला घेतला, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले बाबा म्हणाले, "तो राहू दे. शिकताना तू भिंतीवर घातली होतीस, तेव्हाचा आहे."

राहू दिला. परवा बाबांना मागे बसवून सूरसागरला फेरी मारून आणली. भंगारवाला आता विचारत नाही.