‘शुद्ध’ तेलाचा अशुद्ध इतिहास

१/ ‘घाण्याचे ते अमृत, रिफाइंड ते विष’ आणि ‘रिफाइंड म्हणजे विज्ञान, घाणी म्हणजे अंधश्रद्धा’ अशा दोनच आरोळ्या सध्या ऐकू येतात. इतिहास दोन्ही खोडून काढतो.

२/ 1902 साली जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांच्या, निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले. 1937 मध्ये डालडा हिंदुस्थानच्या स्वयंपाकघरात आला. हे हायड्रोजनीकरण अर्धवट राहिले की ट्रान्स फॅट तयार होतात. बियांच्या तेलात ती जवळजवळ नसतात. कारखाना ती घडवतो.

३/ त्याच काळात नागपूरशेजारच्या वर्ध्यात, 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघात, झवेरभाई पटेल बैलघाणीची रचना सुधारत होते. याला अंधश्रद्धा म्हणावे काय? तेही प्रयोगशील तंत्रज्ञानच होते. 1942 मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली; तेथे तैलतंत्रज्ञान शिकवले जाऊ लागले.

४/ वनस्पती तुपावर वाद पुष्कळ झाला, पण मुख्यतः भेसळीचा. साजूक तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तुपाला पहारेकरी मिळाला. खाणाऱ्याला मिळाला नाही.

५/ ट्रान्स फॅटमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, हे 1990 साली डच संशोधक मेन्सिंक व काटान यांनी दाखवले. भारतात 2 टक्क्यांची मर्यादा 2022 मध्ये आली. मधली 32 वर्षे अज्ञानाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

६/ आता दुसरा अध्याय. तेलाचा वास घालवण्यासाठी ते 200 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की ग्लिसिडिल एस्टर व 3-एमसीपीडी एस्टर निर्माण होतात, पामतेलात विशेष. ग्लिसिडिल एस्टरपासून पोटात सुटणारे ग्लिसिडॉल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले आहे. युरोपीय संघाने 2018 मध्ये ग्लिसिडिल एस्टरवर मर्यादा घातली.

७/ घाणीभक्तांनीही ऐकावे: बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन घाणीच्या तेलात उतरते. शुद्धीकरणातील क्षारप्रक्रिया ते बव्हंशी काढून टाकते. बैल फिरला म्हणून तेल निर्दोष ठरत नाही.

८/ म्हणून ‘शुद्ध’ हा शब्द पुरावा नव्हे, तो दावा आहे. डब्यावर तो दिसला की विचारावे: काय काढले, काय नव्याने निर्माण झाले, आणि ते मोजले कोणी? गेल्या शतकात हा प्रश्न उशिरा विचारला गेला. त्याची किंमत कारखानदाराने नव्हे, खाणाऱ्याने मोजली.