पत्रिका छापायला देण्यापूर्वी



गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने, वाचनालयांचे वर्धापनदिन, सामुदायिक विवाह यांच्या पत्रिका ठरवायला तुम्ही बसाल, तेव्हा एक विनंती ध्यानात ठेवा. राजकीय पाहुण्यांपैकी एकानेच बोलावे, आणि तेही दहा मिनिटे.

आज काय होते ते सगळेच पाहतो. आमदारांना माईक दिला की खासदारांना द्यावा लागतो, एका पक्षाचे नगरसेवक बोलले की दुसऱ्या पक्षाचे माजी नगरसेवक रुसतात. पाहुणे उशिरा येतात. मग शाल-श्रीफळ, आणि प्रत्येक वक्ता व्यासपीठावरची सगळी नावे पुन्हा पहिल्यापासून घेतो. भाषण संपवून तो पुढच्या कार्यक्रमाला निघतो, त्याच्यामागे कार्यकर्ते उठतात. ज्यांच्यासाठी समारंभ, त्या सत्कारमूर्तींची पाळी येते तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या असतात. लग्नात मुहूर्त टळून जातो तरी आशीर्वादाची भाषणे थांबत नाहीत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम योग्यच आहे; पण भाषणांत गेलेला वेळ कापला जातो तो मुलांच्या नाटकातून. आठवडेच्या आठवडे तालीम केलेली, संध्याकाळपासून रंग लावून ताटकळलेली पोरे रंगमंचावर न येताच घरी जातात. हे मला बघवत नाही.

उन्हाळ्यात तर जिवाशीच गाठ असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात उघड्या मैदानावर बसली होती. उष्माघाताने १४ जण दगावले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेणार नाही, असे राज्य सरकारने जाहीर केले. हेच बंधन गावच्या भूमिपूजनाला आणि कुस्त्यांच्या फडालाही आपण होऊन लावून घेऊ या.

नेत्यांना बोलू दिले नाही तर निधी अडेल, ही भीती मी अनेक कार्यकर्त्यांकडून ऐकली आहे. पण आमदार निधीतून होणारे सभामंडप आणि रस्ते आपल्याच कराच्या पैशातून होतात. लोकप्रतिनिधींना मानाने बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, त्यांचा सत्कार करा. उद्घाटन मात्र गावातल्या एखाद्या अंगणवाडी सेविकेच्या, जुन्या शिक्षकाच्या हातून होऊ द्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले होते. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. एवढ्या मोठ्या संमेलनाला जे जमले, ते आपल्या मंडळालाही जमेल.

तेव्हा येत्या बैठकीत हा विषय मांडा. कोण किती मिनिटे बोलणार ते निमंत्रणाच्या पत्रातच लिहा, म्हणजे ऐनवेळी कुणाचा मानापमान होणार नाही. मुलांचा कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करा. पाहुणे पोहोचले की दोन नाट्यछटांच्या मध्ये त्यांचे दहा मिनिटांचे भाषण ठेवा.

आपला,
एक पालक आणि वाचनालयाचा सभासद