टायर फुटणं ही तकदीर नाही

खानदेशात बैलगाडीची जागा आता पिकअपने घेतली आहे. नरडाण्याच्या हायवेवर तासभर उभं राहिलं तर काय काय जाताना दिसतं! कांदा, कापूस, मिरची, कडबा, बकऱ्या, एमआयडीसीतला माल, मांडवाचं सामान आणि कायद्यात बसत नसलं तरी मजूर आणि वऱ्हाडीसुद्धा. चालवणारी बरीच पोरं आपल्याच घरांतली असतात. बागवान आहेत, खाटीक आहेत, पिंजारी आहेत, तडवी आहेत. शेत नाही, नोकरी नाही, म्हणून फायनान्सवर घेतलेली गाडी हेच त्यांचं शेत. कुणाच्या काचेवर ७८६ असतं, कुणाच्या बंपरला लिंबू-मिरची. गाडी जपायची तळमळ दोघांची सारखीच, आणि टायरकडे होणारं दुर्लक्षही सारखंच.

त्यात आता नवी हौस आली आहे, 'ऑल टेरेन' टायरची. मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी, भिंतीवर पांढरी अक्षरं, गाडी एकदम रांगडी दिसते. मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि दुकानात जाऊन तसलेच टायर मागायचे. पोरांच्या हौसेला माझा विरोध नाही. पण ज्या गाडीवर घर चालतं, तिच्या टायरची निवड दिसण्यावरून करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. नक्षी सगळ्यात शेवटी बघावी. आधी वजन, मग तारीख, मग रस्ता.

वजनाचा हिशोब सोपा आहे. टायरच्या भिंतीवर २१५/७५ आर १५ असं काही लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे डिस्कचा इंचातला व्यास. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचा आकडा मात्र कुणी वाचत नाही. तो आकडा म्हणजे एक टायर किती भार पेलू शकतो याची खूण. १०० असेल तर ८०० किलो, १०५ असेल तर ९२५ किलो, ११२ असेल तर ११२० किलो.

आता १.७ टनाची पिकअप घ्या. भरली की बहुतेक भार मागच्या दोन चाकांवर येतो. त्यातले दीड टन मागे आले असं धरू, आणि गाडीचं स्वतःचं मागचं वजन सहाशे किलो धरू. झाले २१०० किलो, म्हणजे एका टायरवर १०५०. बाजारात मिळणारे कित्येक दिखाऊ ऑल टेरेन टायर घरच्या एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. त्यांच्यावर १०५ लिहिलेलं असेल, तर गाडी परवानगीएवढीच भरूनही टायरवर सव्वाशे किलो जास्तीचे बसले. आणि परवानगीएवढीच गाडी भरणारा माणूस आपल्या भागात शोधावा लागेल. म्हणून पिकअपला मालवाहू गाडीचाच टायर हवा, कंपनीने गाडीसोबत दिलेल्या टायरपेक्षा कमी आकड्याचा तर मुळीच नको. आणि जास्तीच्या मालावर कोणताच टायर उपाय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो. तो एका फेरीच्या भाड्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट तारीख. भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. 'नवाच आहे, फक्त गोडाऊनला पडून होता' असं सांगत स्वस्तात मिळणारा टायर किंवा शहरातून उतरवून आणलेला जुना टायर घेताना हा शिक्का आधी वाचावा. आयएसआयची खूणही बघावी. आणि नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की नियमानेच तो टायर बाद ठरतो. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजावं, आता उतरवायची वेळ झाली.

मग येतो रस्ता. आपल्या गाड्या सगळ्यात जास्त धावतात त्या डांबरावर. धुळं, शिरपूर, पुढे सेंधव्याचा घाट. डांबरावर ठोकळ्यांची नक्षी आवाज करते, डिझेल जास्त खाते आणि पावसात ब्रेक लागायला जास्त अंतर घेते. पण शेतातून माल काढणाऱ्याची अडचणही खरी आहे. पावसाळ्यात शिंदखेडा तालुक्यातल्या काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर गुळगुळीत टायरची रिकामी पिकअप जागच्या जागी फिरत राहते. अशांनी जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत पाळावी. पुढे सरळ रेघांचे टायर, कारण वळण आणि बराचसा ब्रेक तेच सांभाळतात. मागे मध्यम ठोकळ्यांचे, कारण ओढणारी चाकं तीच. एका आसावर मात्र दोन्ही टायर एकाच जातीचे हवेत. आणि काळी माती अशी चिकट, की ती भरली की महागातली नक्षीसुद्धा सपाट होते. तिथे टायरपेक्षा एक फावडं आणि थोडा धीर जास्त कामाला येतो.

टायर कुठलाही घ्या, हवा कमी असेल तर सगळा खर्च वाया. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. 'उन्हाने टायर फुटेल' म्हणून हवा कमी करायची सवय कित्येकांना आहे. ती नेमकी उलटी आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडली की तापते आणि तापली की फुटते. हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढी भरावी. धावून तापलेल्या टायरची हवा सोडू नये. बकरी ईद सध्या मे-जूनच्या उन्हात येते, लग्नंही त्याच दिवसांत असतात. गाड्या सगळ्यात जास्त भरतात त्या याच काळात.

टायर फुटून माणूस गेला की आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी. शेजारी म्हणतात, देवाची करणी. विमा कंपनीनेही एकदा हेच म्हणून पाहिलं. २०१० मधल्या एका अपघातात टायर फुटून माणूस गेला होता. भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणाली, ही देवाची करणी, आम्ही जबाबदार नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणं असतात. निघण्याआधी टायर तपासणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आपला दीन तरी वेगळं काय सांगतो? आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिकअपवाल्याचा उंट त्याच्या चाकांत आहे.

'पंक्चरवाला' हा शब्द गेली काही वर्षं आपल्यासाठी टोमणा म्हणून वापरला जातो, अगदी भाषणांतसुद्धा. त्यावर चिडून काही मिळणार नाही. हायवेवर रात्री दोन वाजता जॅक घेऊन उठणारा माणूस काय करतो, हे टोमणा मारणाऱ्याला त्याचाच टायर बसल्यावर कळतं. पण या धंद्याची इज्जत वाढवणं आपल्याही हातात आहे. टायरवाल्या भावांनी बिलावर टायरची तारीख आणि भाराचा आकडा लिहून द्यावा. 'हा टायर या गाडीला चालणार नाही' असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवायची हिंमत ठेवावी. मोठ्या बाजाराच्या दिवसांत, ईदच्या आधी, चौकात हवेचं मीटर घेऊन उभं राहावं आणि हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या गाड्या फुकट तपासाव्यात. त्यात भाषणाला उत्तर आहे आणि सवाबही.

आणि गाडीवाल्यांना एकच सांगणं. हप्ता चुकला तर फायनान्सवाला दारात येतो, म्हणून तो आपण चुकवत नाही. टायर असा दारात येऊन आठवण करून देत नाही. तेव्हा आज संध्याकाळी गाडी लावलीत की खाली वाका, मोबाईलचा टॉर्च लावा आणि चारही चाकांवरचे ते दोन आकडे वाचा. स्टेपनीचेही वाचा.