लुंबिनीच्या वाटेवरचा हिशेब



“एवढा खर्च करून लुंबिनीला गेलात, पुण्य किती मिळाले?” असे आमच्या एका धम्मबांधवाने परवा विहारात हसत हसत विचारले. पुण्याची खतावणी आम्ही ठेवीत नाही. मात्र कारकुनी पेशामुळे वाटेवरचा हिशेब ठेवला आहे. तोच आज मांडीत आहोत.

आमच्या वस्तीतील महिला मंडळाने तीन वर्षे भिशी लावून पैसे जमविले. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी झाडू खात्यात राबणारी. आम्ही सतराजण निघालो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तेथून बसने सोनौलीचा नाका. नाका ओलांडला की नेपाळ. भैरहवापासून लुंबिनी सुमारे बावीस किलोमीटर. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवाच. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे लागते.

त्रास झालाच. गाडी उशिरा पोहोचली, रात्र फलाटावर काढली. पण खरी चूक आमची होती. सगळी आखणी आम्हा पुरुषांनी केली. गाडीचे तिकीट पाहिले, धर्मशाळा पाहिली, पण बायकांना वाटेत आडोसा कोठे मिळेल याचा विचार कोणीच केला नाही. मग भगिनींनी पाणी पिणेच बंद केले. एका ताईंना उन्हाळी लागली, अंगात ताप भरला. भैरहवाला डॉक्टर गाठावा लागला. पुढची यात्रा काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि आखणीच्या बैठकीत निम्म्या तरी बायका हव्यात.

दुसरी गोष्ट लिहिताना आम्हाला लाज वाटते, तरीही लिहितो. नाक्याच्या अलीकडे एका खानावळीत जेवायला बसलो. मालकाने विचारले, “कहाँ से आये हो? कौन बिरादरी?” आम्ही सभांतून भाषणे करतो, मोर्चात पुढे असतो. पण त्या क्षणी आमची जीभ अडखळली. “महाराष्ट्र से,” एवढेच आम्ही बोललो. तेवढ्यात आमच्यातल्या सत्तरीच्या आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बौद्ध! बाबासाहेब के लोग!”

मालक काही न बोलता आत गेला. ताटे आली, आम्ही जेवलो. हात धुवायला मागे गेलो, तर भांडी घासणारा पोरगा राखेचे हात जोडून हळूच म्हणाला, “जयभीम.” आजी गप्प बसल्या असत्या, तर त्या पोराला आम्ही कोण हे कधी कळले नसते!

लुंबिनीत मायादेवीचे मंदिर पाहिले, सामुदायिक वंदना घेतली आणि अशोकस्तंभापाशी बसलो. १८९६ साली या स्तंभावरील लेख उजेडात आला. आजींना अक्षरओळख नाही. “काय लिवलंय रे यावर?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, “आजी, सम्राट अशोक स्वतः येथे आले, त्यांनी वंदन केले, बुद्ध येथे जन्मले म्हणून हा खांब उभारला आणि गावचा कर माफ करून उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचा ठरविले.”

आजी थोडा वेळ खांबाकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, “म्हंजी नुसता पाया पडून नाय गेला. गरिबाचं वझं कमी करून गेला.”

बांधवहो, पुण्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथेच मिळाले.

याच नेपाळात नोव्हेंबर १९५६ मध्ये परमपूज्य बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. प्रकृती ढासळलेली असतानाही बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले. परतताना सारनाथ, कुशीनगर येथे गेले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी जिवाचे रान केले, आणि आपण बिरादरी विचारली तर अडखळायचे?

नेपाळातही १९६३ साली कायद्याने जातिभेद उठला, २०१५ च्या संविधानाने अस्पृश्यतेविरुद्धचा हक्क दिला. तरी तेथील दलित बांधवांचे भोग संपलेले नाहीत. सीमा ओलांडली म्हणून जात मागे राहत नाही.

परत आल्यावर मंडळाची बैठक झाली. आजींच्याच सूचनेवरून ठरले की, यापुढे भिशीतील आठवा हिस्सा वस्तीतील मुलामुलींच्या परीक्षा फीसाठी बाजूला काढायचा. पहिल्या महिन्यात दोन मुलींची फी भरली गेली.

हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला आम्ही हेच लिहिले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!